बावीस नटांची मापं

नाटकमंडळींचे कपडे शिवणाऱ्या शिंपीणकाकूंचा फोन कापड रंगवायच्या पातेल्यात पडला. बावीस नटांची मापं त्यातच टिपलेली होती आणि प्रयोग परवावर आला होता. चिमट्याने बाहेर काढलेला फोन निळाशार आणि ठार बंद होता.

"आता राजाची विजार अंदाजपंचे शिवू का?" काकू रडकुंडीला आल्या.

शिवणात मदतीला आलेली त्यांची नणंद मात्र खुदकन हसली. "वहिनी, मापं क्लाउडवर आहेत. मीच नाही का मागे चालू करून दिलं?"

"ढगात? आणि पाऊस पडला म्हणजे?"

"ढग नुसता नावाला हो! लांब कुठेतरी मोठाल्या खोल्यांत संगणक चालू असतात. तुम्ही लिहाल त्याची नक्कल इंटरनेटवरून तिथे जाऊन बसते. पासवर्ड सांगा बघू."

काकूंनी तो तिच्या कानात सांगितला. नणंदेच्या फोनवर बावीसही माणसं छाती-कमरेसकट भराभर उगवली. प्रधानाची ढेरीसुद्धा इंचभर कमी झाली नव्हती! काकूंनी नणंदेला धरून अशी गिरकी घेतली, की दोघी काकूंच्या गळ्यातल्या मापाच्या टेपमध्ये गुरफटल्या आणि हसून हसून खालीच बसल्या.