शेवटचा माहीत असलेला पत्ता

बंदरावर बटाट्यांना कोंब फुटायला लागले होते, आणि त्यांच्यावरून चाललेल्या भांडणाचा निवाडा करायला माणूस मिळत नव्हता.

तसं बघायला गेलं तर लवाद केंद्राच्या यादीत एकशे बारा माणसं होती, सगळी एकापेक्षा एक नावाजलेली. दोन देशांतले व्यापारी भांडले की कुणीच दुसऱ्याच्या कोर्टात जायला तयार नसतं. मग दोघांनाही चालेल असा तिसरा माणूस लागतो. तो नेमून द्यायचा, कागद इकडचे तिकडे पोचवायचे, बसायला खोली आणि प्यायला पाणी द्यायचं, हे केंद्राचं काम. आणि केंद्राचं काम म्हणजे शेवटी ताईचं काम. साहेबांपासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे तिला ताई म्हणायचे, आणि तेवीस वर्षं सगळ्यांची ताई होऊन होऊन ती आता पार कंटाळली होती.

प्रकरण साधं होतं. बियाण्याच्या बटाट्यांचे चाळीस कंटेनर नऊ दिवस बंदरावर अडकलेले. घेणारी कंपनी म्हणे, माल वाटेतच सडला. पाठवणारी म्हणे, तुमच्या बंदरावर वीज गेली, तेव्हा सडला. कंटेनर उघडून बघावं, तर उघडायचे कुणी? जो उघडेल त्याच्यावर दुसरा उलटणार, की तूच काहीतरी केलंस. घोडं अडलं ते तिथे. शेवटी एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत झालं: आम्हाला तातडीचा लवाद द्या, तो सांगेल ते ऐकू. अर्ज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आला. नियम असा, की त्याच दिवशी साडेपाचच्या आत माणूस नेमायचा.

ताईने यादी काढली आणि ती फोन लावायला बसली.

पहिल्याचा जावई पाठवणाऱ्या कंपनीच्या वकिलांकडे कामाला. दुसरीने गेल्याच वर्षी घेणाऱ्यांना सल्ला दिलेला. तिसऱ्याने दोन्हीकडच्या वकिलांना कॉलेजात शिकवलेलं, आणि त्याचा त्याला केवढा अभिमान! चौथीच्या नवऱ्याचे घेणाऱ्यांच्या कंपनीत शेअर. पाचवा म्हणाला, "माझा काही संबंध नाही, पण घेणाऱ्यांच्या अध्यक्षाशी टेनिस खेळताना माझं भांडण झालंय, ते चालेल का?" नाही चालणार, ताई म्हणाली, आणि नावावर काट मारली. जेवायच्या वेळेपर्यंत चाळीस नावांवर काट बसली होती. एवढ्या मोठ्या जगात सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी निघतात, हे तिला नवं नव्हतं. पण आज त्याचा वीट आला.

मधेच सासूबाईंचा फोन. "अगं, नळवाला आलाय. विचारतोय, मेन कॉक कुठंय?"

"मोरीच्या दाराच्या मागे, सासूबाई."

"तिथे तर बादल्या आहेत."

"बादल्यांच्या मागे."

"मग तसं सांग ना नीट," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. ताईने एक मिनिट डोळे मिटले आणि पुन्हा यादी ओढली.

दोनच्या सुमाराला साहेब टेबलापाशी येऊन उभे राहिले. "ताई, ते आपले कप्तान आहेत का हो अजून?"

"आहेत म्हणजे?"

"म्हणजे… हयात."

कप्तान हयात होते. उमेदीची वर्षं जहाजांवर काढून मग वकिली शिकलेला माणूस. मालाचं नुकसान म्हटलं की त्यांच्याइतकं कळणारं यादीत दुसरं कुणी नव्हतं. पण सहा वर्षांत त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आणि त्याला कारणही तसंच होतं. लवाद नेमायच्या आधी त्याच्याकडून एक फॉर्म भरून घेतात: दोन्ही पक्षांशी, त्यांच्या वकिलांशी, तुमचं काय नातं आहे ते जाहीर करा. बाकीचे लोक जाहीर करण्याजोगं तेवढं करतात. कप्तान सगळंच करायचे. एकदा तर समोरच्या वकिलाचा आणि आपला न्हावी एकच आहे, हेसुद्धा लिहिलं होतं. पक्षकार वैतागायचे. असला माणूस नकोच म्हणायचे.

आणि त्याहून वाईट म्हणजे बारा वर्षांपूर्वीचं प्रकरण. कप्तानांचा मुलगा तेव्हा एका जहाज कंपनीत नुकता लागला होता. एक दिवस जेवताना तो सहज बोलून गेला, की आमचे साहेब म्हणतात, त्या अमुक मालाच्या खटल्यात चूक आमचीच होती. बोलून गेला बिचारा. आणि महिन्याभराने तोच खटला कप्तानांकडे आला. कप्तानांनी फॉर्मवर लिहिलं: माझ्या मुलाने घरी जेवताना मला असं असं सांगितलं, सबब मी हे काम घेऊ शकत नाही. त्यांना वाटलं, आपण आपलं कर्तव्य केलं. नुसतं नाही म्हटलं असतं तरी भागलं असतं. फॉर्म सगळ्यांना गेला. मुलाची नोकरी आठ दिवसांत गेली. त्या फॉर्मच्या पाच प्रती काढून पाच जागी पाठवल्या होत्या ताईनेच, नियमाप्रमाणे. ते तिच्या मनातून कधी गेलं नाही.

फोन दुसऱ्या घंटेलाच उचलला गेला. "बोला ताई," कप्तान म्हणाले. त्यांना तिचा आवाज लगेच ओळखू आला. याचंच तिला वाईट वाटलं.

वीस मिनिटांत फॉर्म भरून आला. व्यवसायातले भागीदार: नाही. पक्षांशी व्यवहार: नाही. वकिलांशी मैत्री: नाही. संस्था, मंडळं, क्लब: नाही. गेल्या पाच वर्षांतल्या नेमणुका: नाही. ताई खाली खाली वाचत गेली, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिला हायसं वाटलं. मग लगेच स्वतःचीच लाज वाटली. शहात्तर वर्षांच्या माणसाला एकाही ठिकाणी हो म्हणता येऊ नये, आणि आपण खूश व्हावं!

शेवटचा प्रश्न कुटुंबाचा. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं: मुलगा. पाठवणाऱ्या कंपनीत शीतगृह विभागाचा प्रमुख आहे, असं या वर्षी भाचीकडून कळलं. बारा वर्षं आमचं बोलणं नाही.

ताईने कपाळाला हात लावला आणि पुन्हा फोन केला.

"कप्तान, हे काय हो?"

"तुम्ही विचारलंत, मी उत्तर दिलं."

"अहो, पण आता तुम्हाला नेमायचं कसं?"

"ते तुम्ही बघा." मग आवाज जरा खाली आला. "ताई, मला हे काम हवंय. सहा वर्षांनी फोन वाजलाय. सकाळी उठून कुठेतरी जायचंय, एवढं असलं ना, तरी मला पुरे आहे."

मुलगा एका पक्षाकडे नोकरीला असला की लवाद नेमता येत नाही. दोन्ही पक्षांनी लेखी सांगितलं, आमची हरकत नाही, तरच येतो. पाठवणाऱ्यांचे वकील तयार झाले, त्यांनाही दुसरा कुणी दिसत नव्हता. घेणाऱ्यांच्या वकीलबाई मात्र अडून बसल्या.

"मॅडम, बारा वर्षं बोलत नाहीत, याला पुरावा काय?"

"न बोलल्याचा पुरावा कसा देतात हो?" ताई म्हणाली.

"मुलाकडून लिहून घ्या. स्वच्छ लिहून घ्या, सहीनिशी. मग आमची हरकत नाही."

झालं. बापलेकांचं पटत नाही याचा दाखला मागायची वेळ आली! काय काय करावं लागतं या नोकरीत, असं पुटपुटत ताईने पाठवणाऱ्यांच्या वकिलांना कळवलं. पावणेचारला निवेदन आलं. मुलाने चार ओळी लिहिल्या होत्या.

"सदर गृहस्थ माझे वडील आहेत. बारा वर्षांपूर्वी मी त्यांच्याशी संबंध तोडले. तेव्हापासून भेट नाही, फोन नाही, त्यांचं साधं पत्रसुद्धा नाही. यापुढेही संबंध ठेवण्याचा माझा विचार नाही."

वकीलबाई म्हणाल्या, उत्तम, आमची हरकत नाही. साहेब म्हणाले, "वा! ताई, नेमून टाका, आणि मोकळ्या व्हा." कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. फक्त एक काम उरलं होतं. प्रकरणातला प्रत्येक कागद सगळ्यांकडे गेलाच पाहिजे, आणि त्या सगळ्यांत कप्तानही होते.

दोघांची हरकत नाही, एवढंच फोनवर सांगून भागवता आलं असतं. ताईच्या मनात ते आलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा कागद पाठवताना तिचा हात थांबला. मग तिने कागद पाठवला, दहा मिनिटं जाऊ दिली, आणि फोन केला.

"वाचलंत?"

"वाचलं. त्यात एक चूक आहे."

"कसली चूक?"

"पत्रसुद्धा नाही, म्हणतोय. मी दर वर्षी एक लिहिलंय, त्याच्या वाढदिवसाला. अकरा झाली."

"त्याचं उत्तर?"

"नाही."

"मग पोचली कशावरून?"

"अहो, हे तुम्ही मला विचारताय?" कप्तान जवळजवळ हसले. "शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर पाठवलं आणि परत आलं नाही, की पोचलं असं धरायचं. नियम तुमचाच आहे."

नियम होताच. त्याच नियमावर ताईने आजवर हजारो नोटिसा पाठवल्या होत्या, आणि पोचल्या असं लिहून फायली बंद केल्या होत्या.

"तर हे जाहीर करायला हवं," कप्तान म्हणाले.

"कप्तान, हात जोडते. राहू द्या. दीड तास उरलाय. दोघांनी होकार दिलाय. उद्या सकाळी तुम्ही बंदरावर असाल."

"समोरचा कागद खोटा आहे हे मला ठाऊक, आणि मी त्याच कागदावर खुर्चीत बसू?"

आता मात्र ताईचा तोल गेला. "मागच्या वेळी लिहिलंत, तेव्हा काय मिळालं हो तुम्हाला? पोरगा गेला! आता काम पण घालवा!"

बोलून गेली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिकडून मात्र आवाज चढला नाही.

"काय मिळालं ते मला माहीत आहे, ताई. पाठवतो फॉर्म."

सुधारलेला फॉर्म आला. अकरा पत्रं, अकरा तारखा, ज्यावर पाठवली तो पत्ता, आणि प्रत्येकापुढे: उत्तर नाही. ताईने तो दोन्ही वकिलांना पाठवला. पाठवताना यादीत तिने आणखी एक नाव घातलं, मुलाचं. निवेदन देणाऱ्याला प्रत द्यावी असा नियम नव्हता, देऊ नये असाही नव्हता. साहेबांना तिने विचारलं नाही.

सात मिनिटांत वकीलबाईंनी होकार मागे घेतला. एकतर्फी का होईना, बापाची ओढ दिसतेय, आम्ही हा धोका घेणार नाही. साहेब चिडले, त्यांनी फेऱ्या मारल्या, आणि शेवटी यादीबाहेरच्या, दुसऱ्याच खंडातल्या एका बाईंना झोपेतून उठवलं. त्यांनी ना कधी यांचं नाव ऐकलेलं, ना त्यांचं. पाच वाजून वीस मिनिटांनी नेमणूक झाली. बटाटे मार्गी लागले.

ताईने कप्तानांना कळवलं. "बरोबर आहे," ते म्हणाले. "असंच व्हायला हवं होतं." आणि फोन ठेवला. नेहमी ते तिच्या सासूबाईंची चौकशी करायचे, ती आज केली नाही.

साहेब गेले, बाकीचेही गेले. ताई फाईल लावत होती, अंगात त्राण नव्हतं. फोन वाजला तेव्हा तिला वाटलं, नळवाल्याचंच काहीतरी असणार.

"मी… आज एक निवेदन दिलं होतं," एक पुरुषी आवाज म्हणाला. पाठीमागे कसलंतरी मोठं यंत्र घरघरत होतं. "मला एक प्रत आली आहे. ती मुद्दाम पाठवली का?"

"हो," ताई म्हणाली. खोटं बोलायची तिच्यात ताकद उरली नव्हती.

"हा पत्ता… इथे मी राहतच नाही. ते घर कंपनीचं होतं. नोकरी गेली, त्याच महिन्यात ते सोडावं लागलं. तिथे नंतर कंपनीने गोदाम केलं. घर कंपनीचं आहे, हे वडिलांना माहीतच नव्हतं?"

"नसावं."

"अकराही तिथेच?"

"अकराही तिथेच."

पलीकडे दार लागल्याचा आवाज आला आणि यंत्राची घरघर बंद झाली. फोन ठेवला की काय, असं वाटून ताईने हॅलो म्हटलं.

"आहे मी," तो म्हणाला. "आताचा पत्ता देतो. त्यांना सांगाल?"

"सांगेन की. थांबा, लिहून घेते."

"नको!" तो एकदम म्हणाला. मग जरा नरमाईने, "तोंडी सांगा. कुठल्या फॉर्मवर नको, प्लीज."

ताईने पेन खाली ठेवलं. त्याने सांगितलेला पत्ता मोठ्याने दोनदा म्हणून पाठ केला, आणि विसरायच्या आत कप्तानांना फोन लावला.