तक्रार काही नाही

आमच्या मिनेसोटात माणूस मरायला टेकला तरी विचारल्यावर म्हणतो, "तसं बरंय." मी न्यू जर्सीची. तीस वर्षं इथे संसार केला, पण हा गुळमुळीतपणा माझ्या अंगी काही भिनला नाही.

माझा नवरा आर्विड रस्त्यावरचं बर्फ हटवायची गाडी चालवायचा. जानेवारीत त्याच्या डाव्या डोळ्यामागे कळा सुरू झाल्या. मग डोळा वळेना, एकाचे दोन दिसायला लागले, पापणी लोंबली. तपासण्या झाल्या आणि डॉ. टॉर्गरसन चक्क खूश झाले. दहा लाखांत एखाद्याला होतो म्हणे असा आजार. डोळ्यामागच्या नसांपाशी सूज येते.

"स्टेरॉइड देतो," ते म्हणाले. "तीन दिवसांत दुखणं साफ गेलं, तर हाच आजार. नाही गेलं, तर कवटी उघडून आतला तुकडा तपासावा लागेल."

तीन दिवसांनी आम्ही पुन्हा त्यांच्यासमोर.

"काय आर्विड, दुखणं कसंय?"

"तक्रार काही नाही, डॉक्टर."

मी उसळले. "अहो, खोटं बोलतोय हा! आत्ता गाडीत डोळ्यावर मूठ दाबून बसला होता."

"कोनी, पुरे गं!" आर्विड ओशाळला. "पहिल्यापेक्षा कमीच आहे की."

"बघा, तेच म्हणतायत," डॉक्टर हसले. "तुम्ही जर्सीवाले फार घाबरट बुवा!"

डॉक्टर इथलेच, इथल्याच मातीतले. 'तक्रार नाही' म्हणजे किती दुखतंय, ते त्यांना कळत नव्हतं असं मी मरेपर्यंत मानणार नाही. पण त्यांना तो आजार हवा होता. पुढच्याच आठवड्यात विद्यार्थ्यांचा घोळका आणून त्यांनी त्या पोरांना आर्विड दाखवला, आणि हा बापडा तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात सगळ्यांकडे बघून हसला.

एप्रिलमध्ये उजवा डोळाही तसाच अडकला, दोन्ही पापण्या मिटल्या. तेव्हा कुठे तुकडा काढला. कॅन्सर निघाला.

"स्टेरॉइडनं तोही काही दिवस दबतो," टॉर्गरसन खाली बघत म्हणाले. "पण दुखणं पुरतं जात नाही. आर्विड, त्या दिवशी खरं का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतके खुशीत होतात," आर्विड म्हणाला. "तुम्हाला वाईट वाटलं असतं."

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आर्विडनं चाचपडत हात पुढे केला, त्यांचा खांदा शोधला आणि थोपटला. मला त्या दोघांच्याही मुस्कटात मारावीशी वाटली.