मरळीची पिल्लं अजून लहान आहेत

"वाकू नको रे तिथं! बाप राखणीला बसलाय, नाक तोडील!"

बावखलाच्या काठावरून आजोबांनी मारलेली ती हाक इग्नेशियस मास्तरांच्या कानात अजून होती. तेव्हा गिरीज गावच्या वाडीवाडीत बावखल असे, गोड्या पाण्याचं छोटं तळं, आणि तळ्यात मरळ मासा. वर पिल्लांचा केशरी घोळका, खाली डोळे वटारलेला बाप. पुढे चिलापी ही बाहेरची मासळी आली आणि मरळ दिसेनाशी झाली. शाळेतून निवृत्त झाल्यावर मास्तरांनी केळीच्या सावलीत सिमेंटच्या टाक्या बांधल्या. मरळीची पैदास करायची आणि गावच्या बावखलांत ती परत सोडायची.

पहिला मान शेजारच्या रोझलीनबाईंच्या बावखलाला. बाई पाचूबंदरच्या कोळ्याची लेक, लग्न होऊन गिरीजला आलेली, नवरा गेल्यापासून एकटी. मास्तरही एकटेच. रविवारची चर्चमधली मिस्सा आटोपली की बाई पिल्लांसाठी ताजा जवळा घेऊन यायच्या आणि टाकीच्या कठड्यावर टेकायच्या.

"काय मास्तर, निघाली का तुमची पोरं सासरी?"

"अजून लहान आहेत."

"गेल्या रविवारीपन लहानच होती. आमच्या समुद्रातली एवढ्यात नातवंडं खेळवतात!"

"गोड्या पाण्यात वेळ लागतो, रोझलीनबाई."

"पानी गोड असू द्या, मास्तर गोड बोलून टाळतात त्याचं काय?" आणि मग त्या पाण्यात बोटं बुडवून गुणगुणायच्या,

आई गेली मिरवाया, बाप बसला राखन,
पोरं त्याच्या माथ्यावर, जसं केशराचं शिंपन.

मास्तर हसायचे. जवळा संपायचा, गप्पा संपायच्या नाहीत. पुढल्या रविवारी पाणी फार तापलेलं असायचं, त्याच्या पुढल्या रविवारी नेमकं आभाळ भरलेलं. पिल्लं लहानच राहायची.

पण मरळीची जात खादाड. मोठी-लहान वेळीच वेगळी केली नाहीत, तर थोरला भाऊ धाकट्याला गिळतो आणि वर ढेकर देतो. मास्तरांना हे पाठ होतं. तरी वेगळी करायला हात उचलत नव्हता. केली, तर मोठी पिल्लं सोडण्याजोगी झालीत हे कुणालाही दिसलं असतं.

एका रविवारी बाई टाकीत वाकल्या त्या वाकूनच राहिल्या.

"मास्तर, घोळका कुठाय? कशी केशर सांडल्यासारखी टाकी दिसायची! आता हे चार काळे दांडगे, अन् पोटं बघा, लग्नात जेवून आलेत जसे!"

मास्तर टाकीत पडलेलं केळीचं पान काढू लागले.

"बाकीची खाल्ली ना ह्यांनी? मी बावखलातला गाळ उपसून घेतला, केव्हाची वाट बघतेय." बाईंनी जवळ्याची पाटी उचलली. "जमत नसंल तर तसं सांगायचं. मी आपली चिलापीच सोडते. नायतरी माझा इथला हेलपाटा वाचंल."

त्या केळीपर्यंत पोचल्या, तेव्हा मास्तरांनी जाळं हातात घेतलं. मग ते तसंच कठड्यावर ठेवलं. धडा न आलेल्या पोरासारखे ते उभे राहिले.

"रोझलीनबाई, थांबा. पिल्लं कधीचीच मोठी झालीत. ती तुमच्या बावखलात गेली की तुम्ही जवळा घेऊन यायच्या नाहीत, म्हणून मी खोटं बोलत राहिलो. उरलेली आजच सोडू या. पण रविवारी तुम्ही या. जवळा नसला तरी या. मला तुम्ही हव्या आहात."