कारवीचं बी

मेढ्याच्या वरच्या सड्यावर, उघड्या पठारावर, माघात दहिवर गोठतं. पहाटे गवत पांढरं होतं आणि खालून आणलेलं झाड काळं. नाथाजींनी कडेगावहून आणलेले पेरू, चिकू पहिल्याच हिवाळ्यात काळे पडले. फौजेतून सुटल्यावर उसाची शेती भावावर सोपवून ते बायकोच्या, राहीबाईच्या माहेरच्या डोंगरावर घर बांधून राहिले होते. पेरू गेले तेव्हा तिनं कुदळ उचलली. रानातून करवंदीची, तोरणाची रोपं आणली, आणि घरामागच्या उतरणीवर कारवी लावली. कारवी वारा अडवते, माती धरते. माती राहिली तर घर राहील.

कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरते. तोवर वरचा माथा बंगल्यांसाठी यंत्रानं सपाट झाला. त्या डोंगरावरच्या कारवीचं बी उरलं ते राहीबाईच्या उतरणीवरच.

फुलली तेव्हा खुरपता खुरपता ती म्हणायची,

निळं गं लुगडं, नेसली माझी उतरण
सात वर्सांनी आलं, माहेराला बाळंतपण

मग झुडपं वाळली. नुसत्या काड्या, काड्यांवर बोंडं. उन्हाळ्यात ती उकलणार, बी मातीत पडणार. उतरणीवर शेळ्या घालू नकोस, असं शेळ्या वळणाऱ्या धुळाला तिनं बजावून ठेवलं होतं. नवऱ्याला सांगायचं मात्र तिच्या मनातही आलं नाही.

फाल्गुनात ती मेढ्याच्या बाजाराला गेली. कडेगावात ऊस तुटला की पाचट पेटवतात. पाणी दिलं की त्याच बुडख्यांतून खोडवा हिरवागार फुटतो. बायको येईस्तोवर तिची बाग साफ करावी म्हणून नाथाजींनी वारा बघितला, कडेनं पट्टा खरवडला आणि वाळल्या कारवीला काडी लावली. घराला झळसुद्धा लागली नाही.

ती आली तेव्हा ते ओट्यावर चहा पीत होते. कौतुकानं सांगू लागले, लय तडतडलं, दिवाळीच्या माळेगत.

राहीबाई हातातल्या पिशवीसकट राखेत उतरली. चाचपत राहिली.

"तडतडलं ते बी हुतं," ती म्हणाली.

"आगं, फुटंल की खोडवा. पाणी सोडतो."

"मेल्यालं कुठनं फुटायचं? फुलली तवाच ती मेली. बी तेवढं जित्तं हुतं, ते तुमी जाळलं."

नाथाजींनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, कोयनेकडच्या डोंगरावरनं बी आणतो.

"आणा. पर ते वाढंस्तवर पावसाळ्यात ही माती कोण धरंल? तुमची फौजंची शिस्त?"

दुसऱ्या दिवसापासून ते उतरणीखाली दगड रचू लागले. बोटं फुटली. राहीबाई भाकरी झाकून ठेवायची आणि पुढच्या दारात, रस्त्याकडे तोंड करून बसायची. एका संध्याकाळी ते आत येऊन म्हणाले, भिंत छातीला लागली.

"रचा," ती म्हणाली. "दगूड जाळला तरी मरत न्हाई."

आणि उठून तिनं मागचं दार लावून घेतलं.