लोणच्याच्या पिंपावरचा दगड

मी लोणच्याच्या पिंपावर बसणारा एक जुना दगड आहे, मित्रांनो. जपानमध्ये, नागानोच्या डोंगरातल्या एका खेड्यात माझा जन्म गेला. गेन्झोनं लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मला नदीतून खांद्यावर आणलं. त्याची बायको तोमिए पिंपात सलगमचा पाला आणि मीठ थरावर थर रचायची. मग गेन्झो मला दोन्ही हातांनी उचलून वर ठेवायचा. मी दाबायचो, पाल्याचं पाणी वर यायचं. बर्फ वितळेपर्यंत घराला तोच आधार. "तोमिएसारखा खारट पाला गावात कुणाचा नाही," असं लोक म्हणत. ती स्तुती असे.

गेन्झोला बावन्नावं लागलं त्या हिवाळ्यात तो मला उचलायला वाकला आणि त्याचा उजवा हात माझ्यावरून निसटला. त्याच्या अंगावरून वारं गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब. आणि त्यामागे वर्षानुवर्षांचं मीठ. त्या हिवाळ्यात गावात आणखी तिघं तशीच पडली. मी पार गोंधळलो. ज्या मिठानं इतके हिवाळे काढून दिले, त्यानंच हे केलं? आणि मी? मी तर फक्त दाबत होतो!

आमच्या गावात आरोग्यसखीचं काम घराघरांत पाळीनं येतं. पुढच्या वर्षी ते सुनेकडे, मिसाओकडे आलं. तिची मुलगी चिहारू तेव्हा चार वर्षांची होती. खारटपणा मोजायचं यंत्र घेऊन मिसाओ वीस घरांतलं मिसोचं, म्हणजे खारवून आंबवलेल्या सोयाबीनचं, सार मोजून आली आणि माझ्याशेजारच्या नळावर घटाघटा पाणी प्यायली.

"आई, काहीतरी चुकतंय. सगळीकडे आकडा चांगला येतोय. मग आपल्याच गावात माणसं का पडतात?"

"यंत्र मोडकं असेल," तोमिए म्हणाली.

"आणि घरोघरी चहाबरोबर बशीभर खारा पाला! नाही म्हटलं की तोंडं फुगतात."

दुसऱ्या दिवशी आमच्या घरचं सार मोजायची पाळी होती. स्वयंपाकघराचं दार माझ्या पडवीतच उघडतं. मी पाहिलं, तोमिएनं किटलीतलं गरम पाणी साराच्या भांड्यात ओतलं. मागे मिसाओ उभी होती.

"आई! हे काय?"

"अगं, पाहुणे यायचे म्हणून अंगण झाडतो ना आपण? तसंच. सगळ्याच करतात. आरोग्यसखीच्याच घरचा आकडा वाईट आला तर लोक काय म्हणतील?"

मिसाओला हसू आलं आणि हसता हसता ती खालीच बसली.

"यंत्राला फसवाल, आई. चिहारूच्या नसांना कसं फसवणार? बालवाडीतलं जेवण तिला आत्ताच अळणी लागतं, ती ताटात तसंच टाकते. पन्नाशीत तीही बाबांसारखी..."

"जीभ आवर!" तोमिए ओरडली.

मिसाओ पुन्हा वीस घरं फिरली. "आमच्याही घरी पाणी घातलं होतं," असं आधी सांगायची, मग रोजचं भांडं मागायची. त्या वर्षी गावाचा आकडा फारच वाईट आला आणि मिसाओ खूश! मला काही म्हणजे काही कळेना.

नोव्हेंबरात तिनं पाल्याला निम्मंच मीठ घातलं. तीन दिवस झाले, पाणी वर येईना.

"बघ! सडणार आता," तोमिए म्हणाली. "गावभर हसं होईल."

मिसाओनं मिठाची मूठ भरली. तेवढ्यात गेन्झो पाय ओढत पडवीत आला. त्याची जीभ वळत नव्हती. त्यानं डाव्या हातानं वळचणीखालचा दुसरा दगड दाखवला.

"मी...ठ नको. व...जन."

मिसाओनं मूठ परत पोत्यात सोडली आणि तो दगड माझ्या डोक्यावर चढवला. सकाळी पाणी माझ्या कमरेपर्यंत आलं होतं.

पहिली बशी वाढताना तोमिएचा हात सवयीनं सोया सॉसच्या बाटलीकडे गेला. चिहारूनं आपली बशी पुढे केली. "आजी, मलापण ओत!"

तोमिए थांबली. नातीकडे पाहिलं, मग गेन्झोच्या वाकड्या बोटांकडे. तिनं बाटलीला बूच लावलं.

चिहारू रडली, "अळणी आहे" म्हणाली, आणि शेवटी खाल्लं. दोन हिवाळ्यांनी ती तसं म्हणेनाशी झाली.

मित्रांनो, आज गेन्झो नाही, तोमिए नाही. गावात अशी पडणारी माणसं आता कमी झाली, असं पडवीतल्या गप्पांतून ऐकतो. त्यात कमी मिठाचा वाटा किती, औषधांचा किती, ते दगडाला कसं कळणार? मी अजून गोंधळलेलाच आहे. एवढं मात्र सांगतो, तुमच्या घरातल्या लहानग्याला अजून चवीची सवय लागायची आहे, तोवरच एकदा आपल्या रोजच्या भांड्यातलं चाखून बघा. पाणी न घालता.

यंदा चिहारूला बावन्नावं लागलं. काल ती पडवीत आली, वाकली. तिचा उजवा हात माझ्यावर टेकला.

तिनं मला दोन्ही हातांनी उचललं.