पंगतीतला आवाज

सीडी उतरवताना पडद्यावरची पट्टी सत्तर टक्क्यांवर आली आणि सईदच्या दुकानातला कॉम्प्युटर पुन्हा मेला. अगदी ठार, पडदा काळा, घरघरही बंद.

"गेलं का जी समदं?" विमलबाईंनी विचारलं.

"नाही काकू, दम खाऊन राह्यलं," सईद म्हणाला.

विमलबाईंच्या पोरीच्या लग्नाचं शूटिंग त्यानंच केलं होतं. सोनाळ्यात तेव्हा कोणाचीही पंगत असो, वाढायला आरोळी त्यांच्या नवऱ्याची, उकंडरावांचीच. काय आवाज होता माणसाचा! पुढं गळ्याचं ऑपरेशन झालं नि आवाज गेला. आता ते बायकोशेजारी, गळ्याला रुमाल बांधून, बाकावर गप्प बसले होते. आवाज उरला होता फक्त या कॉम्प्युटरच्या डबड्यात. मूळ कॅसेटवर सईदनं केव्हाच दुसरं लग्न उतरवलं होतं. सगळेच शूटिंगवाले तसं करत.

त्यानं सीडी बदलली, वेग कमी केला. तरी तेच. शेवटी डब्याला हात लावला तर तवाच! स्क्रू काढून पाहिलं, आतल्या पंख्यावर रुईची गादी. शेजाऱ्यानं भाव येईल म्हणून बीटीचा कापूस दारापर्यंत रचला होता. भाव काही आला नाही, रुई मात्र दुकानात आली.

"पंखाच फिरेना, काकू. सीडी राइट करतानी जोर पडते, मंग तापून बंद पडते."

"कापसानं इथंबी पिच्छा सोडला नाही बापा!" विमलबाई हसल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

सईद दाढीच्या ब्रशनं रुई झाडू लागला. दारातून आलेल्या उन्हात ती तरंगत राहिली, खाली यायचं नावच घेईना. दुपार कुठंतरी थांबल्यासारखी झाली. उकंडरावांनी तळहात पुढं केला. हंगामभर ओझं झालेला कापूस असा हवेत चालताना ते लहान मुलासारखे बघत होते.

या खेपेला सीडी पुरी झाली. सईदनं ती लावली.

"होऊ द्या सावकाश! भाजी फिरवा रे इकडं!"

दुकान आवाजानं भरून गेलं. विमलबाईंनी पदर तोंडाला लावला. मग तोच आवाज एकदम जवळ आला, "सईद, ठेव तो क्यामेरा! आधी जेवाले बस बापा!"

त्या दिवशी सईदनं उत्तर दिलं नव्हतं. आपला आवाज शूटिंगमध्ये येईल म्हणून नुसती मान हलवली होती. आता उकंडराव त्याच्याकडे बघत होते.

"हाव काका," सईद म्हणाला. "बसतो."

उकंडराव बाकावर सरकले आणि त्यांनी त्याला जागा करून दिली.