टोकावरचा निकेलचा कण

मी निकेलचा कण बोलतोय. शोधू नका, सापडणार नाही. साध्या सूक्ष्मदर्शकालाही मी दाद देत नाही.

माझा जन्म हिरव्या द्रावणातला. ताईने, म्हणजे प्रयोगशाळेतल्या संशोधक मुलीने, त्यात पांढरी भुकटी भिजवली, वाळवली, भाजली. आम्ही असंख्य भाऊबंद त्या भुकटीला चिकटून बरणीत पडून राहिलो. काम आमचं एकच: भट्टीत जाऊन वायूतला कार्बन गिळायचा आणि त्याचा बारीक तंतू काढायचा.

ताईचा स्वभाव उतावळा. भट्टी तापली की ती वायूचा कॉक पूर्ण उघडायची. जास्त वायू, जास्त तंतू, असा तिचा सरळ हिशेब. पण कार्बन एका अंगाने पोटात घ्यायचा, आतून सरकवायचा आणि दुसऱ्या अंगाने थरावर थर रचत बाहेर काढायचा, याला वेळ लागतो. माझ्या भावांना तो मारा पचेना. अंगभर कार्बनचं कवच चढून ते गुदमरले. दर वेळी भट्टीच्या नळीतून काजळीच निघाली. मला वाईट वाटायचं, ताईचा रागही यायचा.

बरणीच्या तळाशी चिमूटभर भुकटी उरली, तेव्हा तिचे सर म्हणाले, "आता ही शेवटची खेप. पुन्हा काजळीच निघाली तर काम बंद. भट्टी दुसरा गट मागतोय."

ताईने आधीच्या खेपांच्या नोंदी पुन्हा चाळल्या. मग म्हणाली, "सर, कणांचा काही दोष नाही. मीच त्यांच्या तोंडात कोंबत होते."

त्या चिमटीत मी होतो. आधी हायड्रोजन आला आणि अंगाला चिकटलेला ऑक्सिजन काढून घेऊन गेला. मग कार्बनचा वायू आला, पण बेताबेताने, सोबत थोडा हायड्रोजन घेऊन. अंगावर साचू पाहणारा कार्बन हा हायड्रोजन उचलून नेत होता. मी गिळत गेलो, खाली तंतू रचत गेलो. तंतू वाढला तसं त्यानेच मला भुकटीवरून उचलून वर नेलं. एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर तंतूंचं रान दिसलं.

"हा बघा सर," ताई हळूच म्हणाली, "टोकावर कसा ऐटीत बसलाय."

"राहू दे भट्टी तुझ्याकडे," सर हसले. "आता आम्लात धुऊन घे. धातू निघून जाऊ दे."

ताईचा चेहरा उतरला. "धुवायलाच हवं का?"

धुवायलाच हवं, ताई. तंतू कामाला यायचा तर मला विरघळावंच लागणार. आत्ता मी काचेच्या बाटलीत आहे आणि आम्ल शेजारीच ठेवलंय. भीती वाटत नाही असं नाही. पण माझ्या मागे एवढा लांब तंतू राहतोय. एकच मागणं आहे: नवी भुकटी करशील, तेव्हा माझ्या धाकट्या भावांनाही असंच बेताने भरव.